जिमखान्यातले गुरुवार

१९३४ साली मुंबईत बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी नावाची एक लहानशी संस्था सुरू झाली आणि दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे वादन होऊ लागले. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांनी लहानशा खोलीत वाजवायचे पाश्चात्त्य संगीत. तिच्या एका कार्यक्रमाचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्यात पियानोवर वॉल्टर कॉफमन आहेत, चेलोवर एडिजिओ व्हर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. एक बोहेमियातून आलेला ज्यू, दुसरा इटालियन, तिसरा मुंबईचाच पारशी. मे १९३७ पर्यंत या संस्थेचे १३६ कार्यक्रम झाले होते. ज्यांनी कधी एखाद्या संगीत मंडळाचे काम पाहिले आहे, त्यांना हा आकडा वाचून क्षणभर थांबावेसे वाटेल. मला तरी वाटले.

कॉफमन यांचे नाव आज आपल्याकडे निघते ते एकाच कारणाने. आकाशवाणीची सकाळची संकेतधून त्यांची, एवढे सांगून झाले की विषय संपतो. ती धून मोठी आहे यात शंका नाही. पण या मनुष्याने मुंबईत बारा वर्षे काढली, आणि त्या वर्षांतले त्याचे सर्वांत चिकाटीचे काम म्हणजे हे गुरुवार होते असे माझे मत आहे. धून सुचते. आठवड्याचा एक वार वर्षानुवर्षे पाळावा लागतो.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबादचा. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकातले कार्लोव्ही व्हारी आहे. बर्लिनच्या संगीत विद्यालयात त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले आणि वाद्यांचे थोर अभ्यासक कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्राचे. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास पुरा होत आला असताना आपले प्राध्यापक नाझी विचारांचे आहेत हे कळल्यावर त्यांनी ती पदवीच नाकारली. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन वर्ष झाले होते. बर्लिनमधल्या दिवसांपासून ओळखीचे असलेले चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी मुंबईत होते आणि हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळण्यासारखा होता, म्हणून कॉफमन इकडे आले. येताना थोड्या दिवसांत परतण्याचा विचार होता. तो पुढे पडत गेला, आणि युरोपात जे घडत गेले ते पाहता पुढे पडला हे बरेच झाले. त्यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काच्या बहिणीची मुलगी. मागे राहिलेल्या काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून मारल्या गेल्या.

अशा अवस्थेत परक्या शहरात आलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मनुष्य पहिल्यांदा काय करतो? घर शोधतो, चार पैसे मिळतील असे काम शोधतो. कॉफमन यांनी हे सगळे केलेच, भवनानींच्या चित्रपटांसाठी संगीतही दिले. पण आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी आपल्याबरोबर वाजवतील अशी माणसे शोधली आणि सोसायटी उभी केली. मोठा ऑर्केस्ट्रा उभारायचा तर साठ-सत्तर वादक, तेवढ्या खुर्च्या, तेवढी स्टॅंडे आणि त्या सर्वांना पोसणारा कोणी आश्रयदाता लागतो. चेंबर म्युझिकला तीन माणसे पुरतात, चार असली तर उत्तमच. निर्वासिताला परवडेल असे ते संगीत होते. मात्र त्याला दुसरी एक गोष्ट भरपूर लागते, आणि ती म्हणजे एकमेकांचे ऐकण्याची सवय.

हे संगीत कसे चालते ते एका उदाहरणाने सांगते. शूबर्टचे बी फ्लॅटमधले पियानो ट्रिओ घ्या. त्याच्या दुसऱ्या, संथ भागात पियानो हलकेच झुलती लय धरतो आणि चेलो गाऊ लागतो. सुरावट लांब आहे, घाई नसलेली. चेलोने ती पुरी केली की व्हायोलिन तीच सुरावट उचलते, आणि आता चेलो खाली राहून तिच्याभोवती स्वतःची दुसरी ओळ विणू लागतो. थोड्या वेळाने पियानो पुढे येतो आणि तारवाद्ये मागे सरतात. कंडक्टर नाही, काठी नाही. कोण केव्हा पुढे येणार आणि कोणी कितपत मागे राहायचे हे स्वरलिपीत लिहिलेले असते खरे, पण ‘कितपत’ याचे मोजमाप कागदावर मावत नाही. ते त्या दिवशी, त्या खोलीत, समोरच्याच्या श्वासावरून ठरते. व्हायोलिनवाल्याने स्वर किंचित जास्त रेंगाळवला तर पियानोवाल्याला तेवढे थांबावे लागते, आणि ते थांबणे चार हातांवर बसलेल्या श्रोत्याला स्पष्ट ऐकू येते. ख्यालगायक आलापात एखाद्या स्वरावर थबकला की तबलजी ठेका राखून कसा कान टवकारतो, हार्मोनियमवाला बोट उचलावे की ठेवावे या विचारात कसा असतो, हे ज्यांनी पुढच्या सतरंजीवर बसून पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मागच्या रांगेतून दोन्ही संगीते निम्मीच ऐकू येतात.

म्हणून अशा संगीताला श्रोतेही मोजके, पण नेमाने येणारे लागतात, आणि इथेच सोसायटीची, मंडळाची, क्लबाची गरज निर्माण होते. मी एका उपनगरी संगीत मंडळाचे काम काही वर्षे केले आहे. आमचा कार्यक्रम महिन्यातून एकदा. तेवढ्यासाठी कलाकाराची तारीख, साथीदारांच्या तारखा, हॉलचे भाडे, सभासदांची थकलेली वर्गणी, ऐन वेळी न लागणारा माईक आणि परीक्षांचे दिवस असले की ओस पडणाऱ्या खुर्च्या, या सगळ्यांशी झुंजावे लागते. मंडळ चालते ते मोठ्या कलाकाराच्या मोठ्या मैफलीमुळे नव्हे. मधल्या पंधरा-वीस साध्या कार्यक्रमांना जे तीस-चाळीस लोक न चुकता येतात त्यांच्यामुळे. त्या लोकांचा इतिहास कोणी लिहीत नाही. हजेरीपट नसतो, आणि असला तरी पुढच्या चिटणिसाच्या घरी रद्दीत जातो.

त्यात आठवड्याला एक कार्यक्रम म्हणजे मला धडकी भरते. प्रत्येक गुरुवारी नव्याने बसवलेले काहीतरी हवे, म्हणजे मधले दिवस सरावाचे. मुंबईची हवा तारवाद्यांना मानवत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, सांध्यांचा सरस सुटतो, आतड्याच्या तारा ताणून बसवल्या तरी उतरतात, आणि पियानो आज लावला तर दोन आठवड्यांनी पुन्हा लावणाऱ्याला बोलवावे लागते. वातानुकूलित सभागृहांच्या आधीच्या काळात जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाजवत राहणे हे अंगमेहनतीचे काम होते. १३६ हा आकडा वाचताना मला या पावसाळी गुरुवारांचे विशेष वाटते.

वाजवणाऱ्यांत मेहली मेहता हे नाव पुढे फार मोठे झाले. त्यांचा जन्म १९०८चा, म्हणजे कॉफमनपेक्षा ते एका वर्षाने लहान. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्या या क्वार्टेटचा सराव घरी चाले. १९३६ साली जन्मलेला त्यांचा मुलगा झुबिन तो ऐकत वाढला. वैद्यकीच्या अभ्यासाला रामराम ठोकून १९५४ साली तो व्हिएन्नाला गेला आणि पुढे जगातल्या अग्रगण्य ऑर्केस्ट्रांचा कंडक्टर झाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. शेकडो वादकांना एका इशाऱ्यावर चालवणाऱ्या त्या माणसाचा कान घरातल्या चार वाद्यांच्या बोलण्यावर तयार झाला होता, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

मुंबईतल्या पाश्चात्त्य संगीताचा दुसरा आधार गोमंतकीय वादकांचा. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. ती मुले मोठी होऊन मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या क्लबांत उतरत आणि हॉटेलांतल्या बॅंडांत, मूकपटांच्या थिएटरांत, पुढे बोलपटांच्या ऑर्केस्ट्रांत काम करत. हिंदी आणि मराठी चित्रपटांतल्या तारवाद्यांच्या मागे ही शिकवण आहे. अशा वादकांचा आणि पारशी रसिकांचा साठा शहरात आधीपासून नसता, तर एकट्या कॉफमनला काही करता आले नसते. बाहेरून आलेल्याने सगळे शून्यातून उभे केले, असे सांगण्याची एक पद्धत आहे. ती मला पटत नाही. त्यांनी ठिणगी आणली असेल, सरपण इथे रचलेले होते.

ही सोसायटी सगळ्या मुंबईची नव्हती, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगायला हवे. १९३४च्या जिमखान्याच्या दारातून संध्याकाळी आत जाणारा माणूस कोणत्या थरातला असणार हे उघड आहे. गिरगावातल्या चाळीत राहणारा, गणेशोत्सवात रात्रभर जागून गाणे ऐकणारा कारकून तिथे गेला नसता, आणि गेला असता तर त्याला कोणी बसा म्हटले असते याची मला खात्री वाटत नाही. पण उलट दिशेने पाहिले तर हीच गोष्ट दिसते. याच शहरात, याच वर्षांत, युरोपियन लोक ज्यांच्या दारातून फारसे आत गेले नाहीत अशा गायनसंस्था जोमाने चालल्या होत्या.

त्यांतली सर्वांत जुनी एक पारशांचीच. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली ती हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण सुशिक्षितांना मिळावे म्हणून. १८८४ साली विष्णु नारायण भातखंडे नावाचा एक तरुण मराठी विद्यार्थी या मंडळीत दाखल झाला. रावजीबुवा बेलबागकरांसारख्या धृपदियांकडून आणि मंडळीत येणाऱ्या उस्तादांकडून शेकडो चिजा त्याला तिथे मिळाल्या. भातखंड्यांनी पुढे देशभर हिंडून जे केले ते आपल्याला माहीत आहे: ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे मराठीत लिहिलेले चार खंड, चिजांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिका’, आणि रागांची दहा थाटांत केलेली वर्गवारी. या सगळ्याचे बी एका सोसायटीच्या संध्याकाळच्या वर्गांत पडले होते. घराण्यांच्या भिंतींआड असलेली विद्या एका वकिलाच्या वहीत उतरू शकली, याचे मोठे श्रेय ‘सभासद’ या नात्याला आहे. शागीर्द होण्यासाठी गंडा बांधावा लागे. सभासद होण्यासाठी वर्गणी पुरे.

१९२५ साली बी. आर. देवधरांनी मुंबईत आपले संगीत विद्यालय काढले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, पण त्यांनी पाश्चात्त्य संगीताचेही रीतसर शिक्षण प्रोफेसर स्क्रिन्झी यांच्याकडे घेतले होते. त्यांनी १९३६ साली जिना हॉलमध्ये भरवलेल्या संगीत परिषदेत कुमार गंधर्व नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि श्रोते वेडे झाले. ते वर्ष ध्यानात घ्यावे. जिमखान्यातले गुरुवार तेव्हा ऐन भरात होते. एका शहरात, एका वर्षी या दोन्ही गोष्टी चालल्या होत्या आणि दोन्हीकडे बहुधा एकमेकांची वार्ता नव्हती. याचे मला वाईट वाटते, अजूनही. शहराची रचनाच तशी होती. पण देवधरांसारखा एखादाच माणूस दोन्ही भाषा बोलू शकत होता, आणि दुसऱ्या बाजूने असा प्रयत्न करणारा कॉफमन होता.

कॉफमन यांनी हिंदुस्थानी संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांना त्यातले काहीही कळले नव्हते. एका पत्रात त्यांनी हे लिहिले आहे, आणि त्यापुढचा त्यांचा विचार मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचा वाटतो. बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनी हे संगीत निर्माण केले आहे आणि लक्षावधी माणसे त्यावर प्रेम करतात, तेव्हा दोष संगीताचा नसून आपलाच असला पाहिजे, आणि जिथे ते जन्मले तिथे जाऊन ते शिकले पाहिजे, असा तो विचार होता. त्या काळातले युरोपियन प्रवासी आपल्या गाण्याविषयी काय काय लिहून गेले आहेत हे आठवले म्हणजे या साध्या कबुलीचे वजन कळते. मला वाटते, असा विचार सुचायला चेंबर म्युझिकचे मन कामी आले असावे. ज्याला दर गुरुवारी समोरच्याच्या वाद्यासाठी आपला आवाज खाली घ्यावा लागतो, त्याला ऐकताना स्वतःकडे कमीपणा घेणे जड जात नाही.

१९३७ ते १९४६ या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहत होते. संकेतधून त्याच्या थोडी आधीची, १९३६ची. आधी तंबोऱ्याचा झंकार, मग त्यावर तरंगत येणारी तारवाद्याची सुरावट. ती शिवरंजनी रागावर आधारलेली आहे असे सांगतात, आणि कोमल गंधाराचा तो हुरहुर लावणारा स्वर ऐकणाऱ्याला वेगळा पुरावा लागत नाही. त्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे असल्याचे मानले जाते. या धुनीचे श्रेय इतरांनाही दिले गेले आहे, पण कॉफमन यांचा दावा मला सर्वांत बळकट वाटतो, आणि तो धुनीतूनच ऐकू येतो. एकच सुरावट, खाली अढळ षड्ज, आणि तरीही चाल पाश्चात्त्य तारवाद्याची. जिमखान्यातले सहकारी आणि त्यांचा नवा अभ्यास या दोहोंची त्या काही सेकंदांत गाठ पडलेली आहे. १९३८ साली त्यांचा ‘अनसूया’ हा रेडिओसाठी रचलेला ऑपेराही मुंबई केंद्रावरून प्रसारित झाला.

याच वर्षांत युरोपातून परागंदा झालेल्या इतर काही माणसांनीही मुंबईत अशीच छोटी वर्तुळे जमवली होती. चित्रकार वॉल्टर लॅंगहॅमर यांच्या घरी होणाऱ्या बैठकांतून आरा, रझा यांसारख्या तरुण चित्रकारांना युरोपची आधुनिक कला कळली. विली हास हे प्रागचे साहित्यिक १९३९ साली मुंबईला आले तेही कॉफमन यांच्यामुळे. घर, खोली, पंचवीस-तीस माणसे, ठरलेला वार: या माणसांना एवढेच येत होते आणि एवढ्यावर त्यांनी बरेच केले.

मग माणसे पांगली. मेहली मेहता १९४५ साली व्हायोलिनच्या पुढच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले, परतले, पुन्हा गेले. मॅंचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, मग फिलाडेल्फियाचे कर्टिस क्वार्टेट, आणि शेवटी लॉस एंजेलिसमध्ये तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा. कॉफमन १९४६ साली इंग्लंडला गेले, तिथून कॅनडात हॅलिफॅक्सला आणि १९४८ साली विनिपेग सिंफनीचे पहिले कंडक्टर म्हणून विनिपेगला. १९५७ पासून ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले आणि १९८४ साली ब्लूमिंग्टनमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

मुंबई मात्र त्यांच्या टेबलावरून हलली नाही. १९६८ साली त्यांचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला, १९७६ साली दक्षिणेच्या रागांवरचा. उत्तरेच्या ग्रंथाची मांडणी दहा थाटांनुसार आहे. म्हणजे भातखंड्यांनी मराठीतून घालून दिलेल्या चौकटीत. प्रत्येक राग पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून, त्याची चाल, त्याचे वळण दाखवत ते पुढे जातात. स्वरलिपीत मींड पकडता येत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद निसटतात हे खरे, आणि रागाकडे सुरावटींचा साचा म्हणून पाहण्याची मर्यादाही त्या ग्रंथात जाणवते. तरीही गायन उत्तेजक मंडळीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने जमवलेले धन, दुसऱ्याच एका सोसायटीच्या पियानोवाल्याने जगाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवले, हा धागा मला अतिशय समाधान देतो. १८७० ते १९६८. दोन्ही टोकांना मुंबईतली एकेक छोटी संस्था आहे, आणि दोघींचा एकमेकींशी कसलाही पत्रव्यवहार नव्हता.

कॉफमन यांचे स्वतःचे संगीत त्यांच्या हयातीत फारसे वाजले नाही. २०२० साली टोरांटोच्या एआरसी एन्सेंबलने त्यांच्या चेंबर रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यातल्या बहुतेक रचना मुंबईच्या वर्षांतल्या आहेत. अकरावे स्ट्रिंग क्वार्टेट मी अनेकदा ऐकले. ते राग वाजवत नाही, आणि वाजवण्याचा आवही आणत नाही; पण खाली एखादा स्वर तंबोऱ्यासारखा धरून ठेवला जातो आणि वर व्हायोलिन मोजक्याच स्वरांत फिरत राहते, कोणत्याही क्षणी दुसऱ्या स्वरसमूहात उडी मारण्याची घाई न करता. मध्येच एखाद्या गतिमान भागात पूर्व युरोपातल्या ज्यू वादकांचा ठेका डोके वर काढतो. हे दोन मुलुख त्यात एकमेकांना खेटून बसले आहेत, आणि कुठे एकमेकांत मिसळतात हे बोट ठेवून सांगता येत नाही.

मुंबईत आज यासाठी लागणारे सगळे आहे. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, मेहली मेहतांच्या नावाची संस्था मुलांना शिकवते आहे, आणि उपनगरांतली आमच्यासारखी मंडळे धडपडत का होईना तग धरून आहेत. अकराव्या क्वार्टेटला चार वादक, चार खुर्च्या आणि शे-दीडशे माणसांची खोली लागेल. ते सतरंजीवर बसलेल्या, ख्याल ऐकून कान तयार झालेल्या श्रोत्यांसमोर, माईकशिवाय वाजावे, आणि त्याच संध्याकाळी उत्तरार्धात कोणीतरी शिवरंजनी गावी, असा प्रस्ताव मी आमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत मांडणार आहे. वार अर्थातच गुरुवार सुचवणार आहे. वर्गणी वाढवावी लागेल. त्यावर वाद होईल, आणि मी तो घालायला तयार आहे.